शिवारातील पर्यावरणशिक्षण : फुलसावंगीच्या हिवाळ्याच्या निमित्ताने

पर्यावरणशिक्षण या नावाखाली महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत आज दोन वेगळ्या गोष्टी चालतात, आणि त्यांतील फरक आरंभीच स्पष्ट केला नाही तर या पुस्तकाचा विषय नीट ध्यानात येणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे पर्यावरणाविषयीची माहिती. ओझोनचा थर, हरितगृह परिणाम, प्रदूषणाचे प्रकार, कायद्यांची नावे आणि वर्षे अशा स्वरूपाची ही माहिती पुस्तकातून सांगितली जाते, प्रकल्पवहीत उतरवली जाते आणि परीक्षा झाली की बहुधा विसरली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गाबाहेरील पर्यावरणशिक्षण. विद्यार्थी ज्या गावात, ज्या मातीवर आणि ज्या पाण्यावर जगतो ते गाव, ती माती आणि ते पाणी प्रत्यक्ष पाहून, मोजून, नोंदवून आणि त्यांविषयी गावातील जाणत्या माणसांशी बोलून मिळवलेले शिक्षण. प्रस्तुत पुस्तक या दुसऱ्या प्रकाराचे आहे. त्याच्या केंद्रस्थानी एक विशिष्ट व्यक्ती आहे, ती म्हणजे पर्यावरणशास्त्राचा किंवा शिक्षणशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी, जो स्वतः अजून शिकत असतो आणि त्याच वेळी गावातील मुलांना शिकवण्याची जबाबदारी अंगावर घेतो. त्याचा एक हिवाळा यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावात गेला, तर त्याला काय शिकता येईल, काय शिकवता येईल आणि कोणत्या अडचणींना तोंड द्यावे लागेल, याचा विचार या प्रस्तावनेत केला आहे.

फुलसावंगीची निवड करण्याचे कारण असे, की हा परिसर प्रसिद्ध नाही. विदर्भातील निसर्गशिक्षण म्हटले की ताडोबा, मेळघाट, नागझिरा ही नावे पुढे येतात आणि यवतमाळ जिल्ह्यापुरते बोलायचे तर सुमारे 148 चौरस किलोमीटरच्या टिपेश्वर अभयारण्याचे नाव घेतले जाते. परंतु जिल्ह्यातील बहुसंख्य मुले अभयारण्यात राहत नाहीत, ती कापूस, तूर, सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वावरांमध्ये राहतात. पुसद, महागाव आणि उमरखेड या तालुक्यांचा पट्टा दख्खनच्या अग्निजन्य खडकावर वसलेला असून माथ्यावर मुरमाड, उथळ बरड, मधल्या उतारावर काळी जमीन आणि नाल्याकाठी भारी, ओल धरून ठेवणारी माती असा त्याचा साधारण क्रम आहे. दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा विदर्भ आणि मराठवाडा यांची सीमा आखत पूर्वेला जाते आणि पुढे वर्धा नदीला मिळते. नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यातील माहूरचे डोंगर आहेत, आणि उमरखेड-किनवटच्या बाजूला पैनगंगा अभयारण्याचे सागाचे, तेंदूचे आणि मोहाचे पानझडी जंगल आहे. बंजारा तांडे, आंध आदिवासींच्या वस्त्या आणि कुणबी-मराठा, मुस्लीम, बौद्ध समाजांची मिश्र गावे या पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात. याच तालुक्यातील आनंदनगर तांडा जुलै 2023 मध्ये पुराच्या पाण्याने वेढला गेला होता. ज्या मुलांनी असे पाणी पाहिले आहे त्यांना हवामान म्हणजे काय हे शून्यापासून शिकवावे लागत नाही. त्यांनी पाहिलेल्या गोष्टीला कारणाची जोड देण्याचे काम मात्र शिक्षकाकडे येते.

हिवाळाच का, या प्रश्नाचे उत्तर विदर्भात राहणाऱ्याला सांगावे लागू नये. उन्हाळ्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि म्हणूनच विदर्भातील शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. पावसाळ्यात काळी माती पायाला असा गोळा धरते की मुलांच्या रांगेला धुऱ्यावरून चालणेही कठीण होते. दिवाळीनंतर मात्र वाटा कोरड्या होतात, कापूस वेचणीला आलेला असतो, तूर फुलोऱ्यातून शेंगांवर येत असते, हरभरा आणि गहू जमिनीला धरू लागतात, नाल्यांतील पाणी उतरून डोह वेगळे दिसू लागतात आणि गावाच्या आकाशात पाहुणे पक्षी येतात. पानझडी जंगलाची पाने गळू लागल्यामुळे झाडाचा सांगाडा, त्यावरची घरटी आणि खोडावरच्या खुणा लहान मुलालाही दिसतात. शिवाय हा काळ शाळेच्या दुसऱ्या सत्राचा आहे आणि राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे महाविद्यालये साधारण याच दिवसांत खेड्यांत घेतात. ऋतू, शेती आणि शाळेचे वेळापत्रक असे एका रेषेत वर्षातून एकदाच येते.

वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याची कल्पना बाहेरून आलेली आहे असा एक समज आहे. तो अपुरा आहे. अमेरिकेत ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी 1911 मध्ये निसर्गअभ्यासाची शिक्षकांसाठीची मोठी मार्गदर्शिका लिहिली, वायोमिंग राज्यात 1967 मध्ये सुरू झालेल्या टीटन सायन्स स्कूलमध्ये पदव्युत्तर विद्यार्थी बर्फात शाळकरी मुलांचे गट घेऊन हिंडत आले आणि प्राण्यांचे माग वाचायला शिकवत आले, आणि 1977 मध्ये तिबिलिसी येथे युनेस्कोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेने पर्यावरणशिक्षणाची उद्दिष्टे जगभरासाठी शब्दबद्ध केली, हे सर्व खरे आहे. पण यवतमाळला लागून असलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर 1937 मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जी शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून डॉ. झाकीर हुसेन समितीचा जो आराखडा पुढे आला, त्याने हस्तोद्योग, सामाजिक परिसर आणि नैसर्गिक परिसर या तीन केंद्रांभोवती सगळे विषय गुंफावेत असे आधीच सुचवले होते. कापसाच्या प्रदेशात सूतकताईतून गणित, भूगोल आणि अर्थशास्त्र शिकवण्याची ती योजना नंतर सूत मोजण्यापुरती उरली आणि तिचा परिसराचा भाग मागे पडला, ही विदर्भाच्या शिक्षणाची मोठी हानी म्हणावी लागेल.

त्याहूनही जवळचे उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे आहे. 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम बालवाडी व अंगणवाडीसाठी ओळखले जाते. पण त्यांनी तेथे चालवलेल्या कुरणशाळेचा उल्लेख तुलनेने कमी होतो. गुरे राखायला जाणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्यामागे कुरणात गेली, असा त्या प्रयोगाचा साधा अर्थ होता. मुलाला परिसरातून उचलून वर्गात बसवायचे आणि नंतर पुन्हा सहलीच्या बसमधून परिसर दाखवायला न्यायचे, या आजच्या पद्धतीपेक्षा तो प्रयोग कितीतरी सरळ होता, आणि या पुस्तकाची भूमिका त्याच्याशी सर्वांत जवळची आहे.

पद्धतीच्या दृष्टीने आणखी एक ऋण मान्य केले पाहिजे. 1919 ते 1924 या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक असलेले पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ होते आणि प्रदेशाचा अभ्यास खोऱ्याच्या छेदापासून सुरू करावा असा त्यांचा आग्रह होता. खोऱ्याचा छेद म्हणजे डोंगरमाथ्यापासून नदीपर्यंत किंवा समुद्रापर्यंत ओढलेली एक कल्पित रेषा, जिच्यावर उंची, माती, वनस्पती आणि त्या त्या जागी माणसे करीत असलेले उद्योग क्रमाने मांडले जातात. फुलसावंगीच्या शिवारात अशी रेषा चालून पाहणे ही पदव्युत्तर विद्यार्थ्याची पहिली कामगिरी ठरावी. माथ्याच्या बरडावर चराई आणि तुरळक साग-पळस, तेथेच बहुधा ई-क्लास जमीन, म्हणजे वऱ्हाडातील महसुली नोंदींमध्ये गुरचरणासाठी राखलेली सरकारी जमीन. खाली उतरले की कापूस आणि तूर. विहीर किंवा नाला जवळ आला की गहू, ऊस, केळी. पाणी जसे वाढते तसे पीक बदलते आणि पिकाबरोबर जमिनीची किंमत, मजुरीचे दिवस आणि घराची भिंतही बदलते, हे मुलांना एका सकाळच्या चालण्यात समजते, आणि ते समजले की पर्यावरण हा झाडापक्ष्यांपुरता विषय उरत नाही.

आजच्या शिक्षणव्यवस्थेत या कामाला जागा आहे का? कागदोपत्री तरी ती भरपूर आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये पर्यावरणाचा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. 1993 मध्ये डॉ. एरच भरुचा यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था उभी राहिली. बालभारतीने प्राथमिक वर्गांच्या विषयालाच परिसर अभ्यास असे नाव दिले आणि तिसरीच्या पुस्तकाच्या जिल्हावार आवृत्त्या काढल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना ठेवण्याची सूचना केली. आणि महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आता क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळतात. तरतुदी आहेत, पण एकीकडे शाळेला परिसर अभ्यासासाठी माणूस नाही आणि दुसरीकडे विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला क्षेत्र प्रकल्पासाठी विषय सापडत नाही. या दोन गरजा एकमेकींना भेटवणे हा या पुस्तकाचा व्यावहारिक हेतू आहे.

शिवारातील पाठ म्हणजे नेमके काय, हे दाखवण्यासाठी विहीर हे सर्वांत चांगले साधन आहे. उघड्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठावरून (अर्थात कठड्याच्या मागून आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली) पाहिले तर वर काळ्या मातीचा थर, त्यात चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली पिवळसर-तपकिरी मुरूम आणि तळाशी काळा पाषाण असे थर उघडे दिसतात. काळ्या पाषाणाच्या अंगात पाणी मुरत नाही. ते त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या पट्ट्यात साठते, म्हणून एका वावरात विहिरीला पाणी लागते आणि शेजारच्या वावरात लागत नाही. दोरीला दगड बांधून, दर हातावर गाठ मारून आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी त्याच विहिरीची पातळी मोजली आणि तारीख घालून लिहिली, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढ्या अवधीत मुलांच्या हाती एक आलेख येतो. हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी देण्यासाठी रात्रीच्या लाइनीवर मोटर चालली की सकाळी पातळी किती उतरते आणि दुपारपर्यंत किती भरून येते, हेही त्यातून दिसते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. त्या नोंदींच्या मधल्या जागा एखाद्या जिल्हा परिषद शाळेची चौथी-पाचवीची मुले भरून काढू शकतात, आणि ही नोंद दहा वर्षे टिकली तर ती खऱ्या अर्थाने गावाची मालमत्ता होईल.

दुसरा पाठ कापसाचा, आणि तो अधिक अवघड आहे. गुलाबी बोंडअळीचा पतंग कळी-फुलांवर आणि कोवळ्या बोंडावर अंडी घालतो. अळी आत शिरली की शिरण्याचे छिद्र बुजून जाते आणि बोंड बाहेरून धडधाकट दिसते. अळी असलेले फूल उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. 2002 मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा बोंडअळीचा प्रश्न मिटला असे वाटले होते, परंतु गुलाबी अळीने त्या कापसातील विषाला दाद देणे हळूहळू बंद केले आणि 2017 च्या हंगामात यवतमाळसह विदर्भातील कापूस मोठ्या प्रमाणावर हातचा गेला. त्याच वर्षी फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. यवतमाळमध्ये पर्यावरण शिकवणाऱ्याला या वर्षाकडे पाठ फिरवून फुलपाखरांवर बोलता येणार नाही.

म्हणून पाठ असा घ्यावा लागतो, की मुलांनी पऱ्हाटीच्या रांगांतून इकडची तिकडची वीस बोंडे तोडून आणावीत, ती फोडावीत, किती बोंडांत अळी आहे हे मोजून शेकडा प्रमाण काढावे. वावरात कामगंध सापळा, म्हणजे मादी पतंगाच्या गंधासारखे रसायन लावून नर पतंगांना पकडणारे साधे साधन, टांगावे आणि रोज सकाळी अडकलेले पतंग लिहून ठेवावेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले तर उपाय करण्याची वेळ आली, हा कृषी विभागाचा निकष मुले स्वतः वापरू शकतात. यानंतर फरदडीचा प्रश्न आपोआप निघतो. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन आणखी एक-दोन वेचण्या घेणे म्हणजे फरदड. तिच्यामुळे अळीला हिवाळाभर खाद्य आणि आसरा मिळतो आणि पुढच्या हंगामाची लागण तेथूनच सुरू होते. शहरातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी येथे सहज उपदेशकाच्या भूमिकेत जातो. पण फरदड ठेवणाऱ्या बापाला जानेवारीत हाती येणाऱ्या चार पैशांची किंमत मुलाला ठाऊक असते, आणि त्या मुलासमोर बापाला अडाणी ठरवणारे शिक्षण टिकत नाही. दोन्ही बाजूंचा हिशेब फळ्यावर मांडून, पुढच्या वर्षीच्या फवारणीचा खर्च आणि धोका त्यात धरून, निष्कर्ष घराघरात होऊ द्यावा, एवढेच शिक्षकाचे काम आहे. आणि ते शिकायला त्याला हिवाळ्याचा बराच भाग लागतो.

पक्षी आणि वन्यप्राणी यांचा भाग पुस्तकात तुलनेने सविस्तर आला आहे, म्हणून येथे थोडक्यात. थंडीत थव्यांनी येणाऱ्या भोरड्या, म्हणजे मध्य आशिया आणि त्याच्या पश्चिमेकडील प्रदेशातून येणाऱ्या गुलाबी मैना, ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतात तशाच टोळ आणि अळ्याही फस्त करतात. ज्वारीचा पेरा घटल्यावर त्या काय खातात, हा प्रश्न मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी सोडवता येतो. रोही आणि रानडुक्कर यांच्यामुळे तूर-हरभऱ्याच्या वावरात रात्री जागलीला जाणारे पालक हे तर चालते-बोलते जाणकार आहेत. कोणत्या वाटेने कळप येतो, कोणत्या रात्री येत नाही, हे त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नाही. टीटनच्या बर्फात जे माग वाचले जातात तेच येथे नाल्याच्या ओल्या गाळात उमटतात आणि प्लास्टर ऑफ पॅरिसने त्यांचे ठसे घेता येतात. वनाधिकारी म्हणून आयुष्य जंगलात काढलेल्या मारुती चितमपल्ली (1932–2025) यांनी पुस्तकांइतकेच वनवासी माणसांकडून शिकून मराठीला पक्ष्यांची आणि झाडांची भाषा दिली. त्यांचा हा मार्ग नव्या विद्यार्थ्यानेही धरावा.

भीतीचा विषय टाळून चालत नाही. पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली वाघीण नोव्हेंबर 2018 मध्ये ठार झाली, तोवर जिल्ह्याच्या त्या भागात वावरात जाणे हाच प्रश्न झाला होता, आणि आपले मूल जंगलाच्या कडेला नेणाऱ्या तरुणाकडे पालक संशयाने पाहतात यात नवल नाही. पहाटे आणि तिन्हीसांजेला मुलांना बाहेर न नेणे, वनरक्षकाला आणि सरपंचाला आधी कळवणे, आग्या मोहोळाच्या झाडाखाली धूर आणि गोंगाट टाळणे, घोणस थंडीत उन्हाला येऊन पडते म्हणून बांधावरच्या गवतात हात न घालणे, असे नियम पाठाचाच भाग मानले पाहिजेत.

सर्वांत मोठी अडचण मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर पुस्तकात पूर्ण उपाय नाही. जो हिवाळा शिकवण्याला सर्वांत सोयीचा, त्याच हिवाळ्यात या पट्ट्यातील तांड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळी आटोपून ऊसतोडीला निघून जातात आणि मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. तेथे जाऊन संध्याकाळी आकाशदर्शन, सुटीच्या दिवशी शिवारफेरी असे कार्यक्रम घेता येतात. पण जी मुले जातात त्यांचा परिसर त्या चार-पाच महिन्यांपुरता उसाचा फड हाच असतो, आणि कुरणशाळेचा न्याय लावायचा तर शिक्षणाने तेथपर्यंत गेले पाहिजे. फडावर असलेल्या मुलाने परत आल्यावर आपण पाहिलेली नदी, माती आणि पिके फुलसावंगीच्या वर्गात सांगावीत आणि ती नोंद इतर नोंदींइतकीच मानाने वहीत लिहिली जावी, एवढे तरी आजही करता येण्याजोगे आहे.

या सगळ्यातून पदव्युत्तर विद्यार्थी काय शिकतो? आपले पुस्तकी ज्ञान कोठे अपुरे पडते, हे त्याला मुलांच्या पहिल्या-दुसऱ्या प्रश्नातच कळते. ज्या झाडाचे शास्त्रीय नाव त्याला पाठ असते त्याचा पाला शेळी का खात नाही, हे तांड्यावरची मुलगी त्याला सांगते. जे दुसऱ्याला समजावून द्यायचे आहे ते आधी स्वतः मोजून पाहावे लागते, ही शिस्त परीक्षेने लागत नाही. त्याचबरोबर एक मर्यादाही त्याच्या ध्यानात यावी. एका दिवसाच्या क्षेत्रभेटीत किंवा सात दिवसांच्या शिबिरात यातले फारसे साधत नाही. विहिरीची पातळी, बोंडांची मोजणी, भोरड्यांचे येणे-जाणे या सर्व गोष्टींना महिने लागतात आणि गावाचा विश्वास बसायला त्याहून जास्त.

म्हणून विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना विनंती आहे, की क्षेत्र प्रकल्पाचे श्रेयांक अहवालाच्या जाडीवर न देता गावात काढलेल्या हिवाळ्यावर द्यावेत, आणि विद्यार्थी परत निघताना त्याच्या नोंदवहीची मूळ प्रत शाळेत ठेवण्याची अट घालावी. महाविद्यालयाला झेरॉक्स पुरेशी आहे. शिक्षकांना विनंती अशी, की या पुस्तकातील पाठ जसेच्या तसे न घेता आपल्या शिवाराप्रमाणे बदलून घ्यावेत, आणि येत्या दिवाळीनंतर शाळेजवळच्या एखाद्या विहिरीची पातळी मोजायला सुरुवात करावी.